कृष्णवर्णीय आणि लॅटिनो तरुणांसाठी अमेरिकी शहरं काय करतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या मोठ्या शहरांनी गेल्या दीड दशकात कृष्णवर्णीय आणि लॅटिनो (लॅटिन अमेरिकी मुळाच्या) मुलग्यांसाठी खास योजना आखल्या. त्यांत न्यूयॉर्कची योजना सगळ्यात गाजली, शिकागोतल्या कामाची सगळ्यात कसून तपासणी झाली आणि ओकलंडने सगळ्यात आधी उघडपणे वंशाचं नाव घेऊन शाळेत काम सुरू केलं. तिकडे राहणारी मराठी मंडळी आणि इथे तरुणांमध्ये काम करणारे कार्यकर्ते याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

न्यूयॉर्कमध्ये नेमकं काय सुरू झालं?

ऑगस्ट २०११ मध्ये महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी 'यंग मेन्स इनिशिएटिव्ह' जाहीर केला. शहरात १६ ते २४ वयाचे साधारण ३,१५,००० कृष्णवर्णीय आणि लॅटिनो तरुण होते. ते शिक्षणात आणि नोकरीत मागे पडत होते, तुरुंगात मात्र त्यांचीच गर्दी होती. त्यांच्यासाठी तीन वर्षांत १२ कोटी ७० लाख डॉलर खर्च करायचं ठरलं. ब्लूमबर्ग यांच्या संस्थेने ३ कोटी दिले, जॉर्ज सोरोस यांच्या ओपन सोसायटी फाउंडेशन्सने ३ कोटी दिले आणि उरलेली रक्कम महापालिकेने घातली.

या एका नावाखाली बरीच कामं होती. ४० हायस्कुलांना जादा निधी मिळाला. कोर्टाने तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडलेल्यांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रोबेशन खात्याची कामाची पद्धत बदलायला घेतली. सरकारी वसाहतींत राहणाऱ्यांना नोकरी शोधून देणारी केंद्रं वाढवली. लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजात, कमी वयात बाप झालेल्या मुलांसाठी 'फादरहुड अकॅडमी' निघाली. तिथे हायस्कूलच्या समकक्ष परीक्षेची तयारी आणि मूल वाढवण्याचे धडे एकाच वर्गात मिळत. ही शेवटची कल्पना मला फार आवडते. अठरा-एकोणीस वर्षांच्या बापाला कुठलंही सरकारी खातं एरवी फक्त पोटगीची थकबाकी मागायला शोधतं.

पैसा पुरेसा होता का?

नाही. वरच्या आकड्यांचा भागाकार केला तर दर तरुणामागे वर्षाला १३५ डॉलरसुद्धा पडत नाहीत. त्याच सुमाराला, २०१२ मध्ये, शहराच्या तुरुंगांत एका कैद्यामागे वर्षाला १,६७,००० डॉलरहून जास्त खर्च होत होता. हा हिशेब शहराच्याच स्वतंत्र अर्थसंकल्प कार्यालयाने मांडला आहे. ही योजना 'मोठी' होती असं कुणी म्हणालं की हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत.

गरीब तर सगळ्याच समाजांत असतात. मग वंश मध्ये का आणायचा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो प्रामाणिकपणे विचारला जातो, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

डेव्हा पेजर या समाजशास्त्रज्ञ होत्या. त्यांनी मिलवॉकी शहरात एक प्रयोग केला आणि २००३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. काही तरुणांना त्यांनी नोकरीचे अर्ज घेऊन खऱ्याखुऱ्या मालकांकडे पाठवलं. शिक्षण सारखं, अनुभव सारखा, बोलणंचालणं सारखं. फरक दोनच: काही गोरे, काही कृष्णवर्णीय, आणि आळीपाळीने काहींनी अर्जात अमली पदार्थांच्या गुन्ह्यात शिक्षा झाल्याचं लिहायचं. गुन्ह्याची नोंद नसलेल्या गोऱ्यांना ३४ टक्के ठिकाणांहून पुढचं बोलावणं आलं. नोंद असलेल्या गोऱ्यांना १७ टक्के. नोंद नसलेल्या कृष्णवर्णीयांना १४ टक्के. आणि नोंद असलेल्या कृष्णवर्णीयांना ५ टक्के.

मधले दोन आकडे पुन्हा वाचा. शिक्षा भोगून आलेल्या गोऱ्या तरुणाला जेवढी बोलावणी आली, तेवढीही आयुष्यात काहीच गुन्हा न केलेल्या कृष्णवर्णीय तरुणाला आली नाहीत. इथे गरिबीचा संबंधच नाही, कारण कागदावर दोघांची परिस्थिती एकच होती.

दुसरा पुरावा याहून खूप मोठ्या प्रमाणावरचा आहे. दिल्लीत जन्मलेले अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनगणना आणि प्राप्तिकराच्या नोंदींतून सुमारे दोन कोटी मुलांची वाटचाल तपासली आणि २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले. आईबापांचं उत्पन्न सारखं, वस्ती सारखी, तरी कृष्णवर्णीय मुलगे मोठेपणी गोऱ्या मुलग्यांपेक्षा कमी कमावतात. देशातल्या ९९ टक्के वस्त्यांत हेच चित्र आहे. श्रीमंत घरातली मुलंही यातून सुटत नाहीत. कृष्णवर्णीय आणि गोऱ्या मुलींच्या स्वतःच्या कमाईत मात्र, आईबापांचं उत्पन्न सारखं असेल तर, जवळजवळ फरक उरत नाही. घर तेच, शाळा तीच, आणि बहिणीला न लागणारी ठेच भावाला लागते. म्हणजे अडचण त्या मुलाच्या घराबाहेर कुठेतरी आहे.

याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट शहरं चालवणाऱ्यांनी भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे. ज्या थोड्या वस्त्यांत ही दरी लहान आहे, तिथे गरिबी कमी, गोऱ्यांच्या मनातला वंशद्वेष कमी आणि कृष्णवर्णीय बापांचं प्रमाण जास्त आढळलं. मुलाचा स्वतःचा बाप घरात आहे की नाही, याहून गल्लीत एकूण किती बाप दिसतात याचा परिणाम वेगळा उठून दिसतो.

पण याच शहराचे पोलीस या मुलांना रस्त्यावर अडवून अंगझडती घेत होते ना?

हो. आणि हे बाजूला ठेवून न्यूयॉर्कच्या योजनेबद्दल बोलणं अप्रामाणिकपणाचं होईल.

ज्या २०११ सालात महापौरांनी या तरुणांसाठी योजना जाहीर केली, त्याच वर्षी त्यांच्याच पोलिसांनी रस्त्यात लोकांना अडवण्याचा उच्चांक केला: ६,८५,७२४ वेळा. दहापैकी जवळपास नऊ वेळा ना अटक झाली ना साधा दंड. अडवलेल्यांत निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीय आणि सुमारे एक तृतीयांश लॅटिनो होते. न्यूयॉर्क सिव्हिल लिबर्टीज युनियन या नागरी हक्कांच्या संस्थेने पोलिसांच्याच आकड्यांवरून दाखवून दिलं की १४ ते २४ वयाच्या कृष्णवर्णीय मुलग्यांना त्या वर्षी १,६८,१२६ वेळा अडवलं गेलं. शहरात या वयाचे कृष्णवर्णीय मुलगे होते १,५८,४०६. मुलांच्या संख्येपेक्षा अडवण्याची संख्या जास्त.

सकाळी शाळेत समुपदेशक त्या मुलाला सांगतो की शहर तुझ्या पाठीशी आहे. संध्याकाळी घरी जाताना त्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं जातं. सोळा वर्षांचं पोर यातल्या कोणावर विश्वास ठेवेल?

१२ ऑगस्ट २०१३ रोजी फेडरल न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी ही पद्धत ज्या रीतीने राबवली जात होती ती घटनाबाह्य ठरवली. तोवर असं अडवणं कमी व्हायला लागलंच होतं. २०१५ पर्यंत ते वर्षाला तेवीस हजार वेळांच्या आसपास उतरलं. झडत्या थांबल्या तर रस्त्यावर रक्ताचे पाट वाहतील असा इशारा वर्षानुवर्षं दिला जात होता. तसं काही झालं नाही, त्या वर्षांत शहरातली गुन्हेगारी वाढली नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये, राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरण्याच्या तोंडावर, ब्लूमबर्ग यांनी ब्रुकलिनमधल्या एका कृष्णवर्णीय चर्चमध्ये या धोरणाबद्दल माफी मागितली.

माझं मत स्पष्ट आहे. रस्त्यात अडवण्याची संख्या सात लाखांच्या जवळून तेवीस हजारांवर आली, हाच त्या दशकात न्यूयॉर्कच्या तरुणांना मिळालेला सगळ्यात मोठा दिलासा होता, आणि तो कुठल्याच योजनेच्या यादीत नव्हता. तो कोर्टातून आणि रस्त्यावरच्या आंदोलनांतून आला.

प्रोबेशन खात्यात काय बदललं?

मला विचाराल तर योजनेतलं सगळ्यात मोलाचं काम इथे झालं.

कोर्टाने तुरुंगाऐवजी प्रोबेशनवर सोडलेल्या तरुणाला ठरावीक दिवशी अधिकाऱ्यासमोर हजेरी लावावी लागते. पूर्वी ही हजेरी कोर्टाच्या आसपासच्या मोठ्या कचेऱ्यांत होई. लांबचा प्रवास, जाड काचेपलीकडे बसलेला कारकून, तासन्‌तास वाट बघणं आणि दोन मिनिटांची भेट. त्या दिवसाची मजुरी बुडे ती वेगळीच. व्हिन्सेंट शिराल्डी हे त्या वेळी खात्याचे आयुक्त होते. त्यांच्या काळात 'निऑन' नावाची केंद्रं वस्त्यांमध्येच उघडली, पहिलं ब्रुकलिनच्या ब्राउन्सविल भागात. एकाच छताखाली प्रोबेशन अधिकारी, नोकरीची माहिती, अभ्यासवर्ग आणि पुढे चित्रकला, कविता, संगीताचे कार्यक्रमही आले. हजेरी नसलेली शेजारची पोरंही तिथे येऊ शकत.

२०१२ मध्ये 'आर्चेस' सुरू झालं. १६ ते २४ वयाच्या, प्रोबेशनवर असलेल्या तरुणांसाठीचं हे गटमार्गदर्शन. मार्गदर्शक कोण? त्याच वस्तीतली, स्वतः तुरुंगात राहून आलेली आणि त्या आयुष्यातून बाहेर पडलेली माणसं. या कामात त्यांना 'क्रेडिबल मेसेंजर' म्हणतात. गट बसतो, जेवण होतं, रागावर आणि निर्णयांवर बोलणं होतं. पण खरं काम गट उठल्यावर सुरू होतं. रात्री दोन वाजता फोन आला तरी मार्गदर्शक उचलतो, कारण भांडण रात्री दोनलाच पेटतं, कचेरीच्या वेळेत पेटत नाही.

अर्बन इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने २०१८ मध्ये याचं मूल्यमापन प्रसिद्ध केलं. प्रोबेशनवर असलेल्या पण या गटांत न आलेल्या तशाच तरुणांशी तुलना केली तेव्हा आर्चेसमधल्यांना गंभीर गुन्ह्यात पुन्हा शिक्षा होण्याचं प्रमाण पहिल्या वर्षात ६९ टक्क्यांनी आणि दोन वर्षांत ५७ टक्क्यांनी कमी निघालं. यात चिठ्ठ्या टाकून गट पाडले नव्हते, त्यामुळे आकडे जरा हात राखून वाचावेत. तरीही सरकारी कार्यक्रमांत इतका फरक क्वचितच दिसतो.

ज्या माणसाला एरवी पालिकेच्या कुठल्याही कचेरीत शिपायाची नोकरीही मिळाली नसती, त्याच्या भूतकाळालाच शहराने पात्रता मानलं. यासाठी धाडस लागतं.

अर्जातला गुन्ह्याचा प्रश्न काढून टाकल्याने फायदा झाला का?

काहींचा झाला, काहींचं नुकसानही झालं असावं. २०११ मध्येच महापौरांनी आदेश काढला की पालिकेच्या बहुतेक नोकऱ्यांसाठी पहिल्या टप्प्यात गुन्ह्याची नोंद विचारायची नाही. ऑक्टोबर २०१५ पासून 'फेअर चान्स' कायद्याने खासगी मालकांनाही हे बंधन आलं. ज्याची चूक जुनी आहे त्याला निदान मुलाखतीपर्यंत पोचता यावं, हा हेतू.

अमांडा ॲगन आणि सोंजा स्टार या संशोधकांनी न्यूजर्सी आणि न्यूयॉर्कमध्ये असा नियम येण्याआधी आणि आल्यानंतर सुमारे १५,००० काल्पनिक अर्ज पाठवून पाहिले. हा नियम ज्यांना लागू झाला त्या मालकांकडून आधी गोऱ्या वाटणाऱ्या नावांना ७ टक्के जास्त बोलावणी येत होती. नंतर हा फरक ४३ टक्क्यांवर गेला. अर्जातला प्रश्न नाहीसा झाला तेव्हा मालकांनी अंदाज बांधायला सुरुवात केली आणि अंदाज नाव बघून बांधला. यावरून नियमच चुकीचा असं मी म्हणणार नाही. नोंद असलेल्यांना त्याने दार उघडलं आहे. पण मालकांवर नजर ठेवणारी यंत्रणा सोबत नसेल तर निष्पाप पोरांना त्याची किंमत मोजावी लागते, हे कबूल करायला हवं.

न्यूयॉर्कचं काय फसलं?

रायकर्स बेटावरच्या तुरुंगात १६ ते १८ वयाच्या मुलांसाठी विचारांची सवय बदलणारे वर्ग २०१२ मध्ये सुरू झाले. पैसा उभा करण्याची रीत अमेरिकेत पहिलीच होती. गोल्डमन साक्स या बँकेने ९६ लाख डॉलरचं कर्ज देऊ केलं, ब्लूमबर्ग यांच्या संस्थेने त्यातल्या ७२ लाखांची हमी घेतली, आणि मुलं पुन्हा तुरुंगात येण्याचं प्रमाण ठरल्याएवढं घटलं तरच शहराने पैसे द्यायचे. २०१५ मध्ये व्हेरा इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेची तपासणी आली: काहीही फरक नाही. कार्यक्रम बंद झाला.

मला यात नवल वाटत नाही. त्या तुरुंगात मुलं खटल्याची वाट बघत पडलेली असतात, कोणी आठवड्यात सुटतं, कोणी वर्षानुवर्षं अडकतं. कॅलीफ ब्राउडर हा सोळा वर्षांचा मुलगा एक पाठपिशवी चोरल्याच्या आरोपावरून २०१० मध्ये पकडला गेला आणि खटला न चालताच त्याची जवळपास तीन वर्षं तिथे गेली, त्यातला मोठा काळ एकांत कोठडीत. आरोप शेवटी मागे घेतले गेले. २०१५ मध्ये त्याने आत्महत्या केली. अशा जागी आठवड्यातल्या काही तासांच्या वर्गाने पोरांची मनं सावरतील, ही अपेक्षाच चूक होती. आधी मुलांना तिथून बाहेर काढायला हवं होतं. न्यूयॉर्क राज्याने २०१७ मध्ये कायदा करून १६ आणि १७ वर्षांच्या आरोपींना आपोआप प्रौढ धरणं थांबवलं.

४० हायस्कुलांच्या प्रयोगाचा निकालही संमिश्र आहे. शाळेतलं वातावरण सुधारलं, मुलांना आपुलकी वाटू लागली, पण हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांच्या किंवा कॉलेजात पोचणाऱ्यांच्या आकड्यांत ठोस वाढ सिद्ध झाली नाही. हायस्कूलमध्ये हात घालायला उशीर होतो, असा त्याचा एक अर्थ लावला जातो.

शिकागोच्या 'बिकमिंग अ मॅन' बद्दल इतकं का बोललं जातं?

कारण तिथे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले, एकाला कार्यक्रम दिला, दुसऱ्याला नाही, आणि मग शाळेच्या व पोलिसांच्या नोंदी तपासल्या. सामाजिक कामात इतकी स्वच्छ परीक्षा द्यायला फार थोड्या संस्था तयार होतात.

'यूथ गाइडन्स' या संस्थेत अँथनी रामिरेझ-डी व्हिटोरियो यांनी २००१ मध्ये हे काम सुरू केलं. आठवड्यातून एकदा, शाळेच्या वेळेत, एक तास समुपदेशकासोबत मुलग्यांचा छोटा गट. तास बुडवायला मिळतो म्हणून मुलं आनंदाने येतात. पहिल्याच दिवसांतला एक खेळ असा: जोड्या पाडायच्या. एकाच्या हातात चेंडू. दुसऱ्याने ३० सेकंदांत तो काढून घ्यायचा. झटापट, ओढाताण, कुणी जमिनीवर पडलेलं. वेळ संपल्यावर समुपदेशक विचारतो, तुमच्यातल्या एकानेही 'दे ना जरा' असं म्हणून का पाहिलं नाही? मुलं म्हणतात, मागितला असता तर त्याने मला भित्रा समजलं असतं. मग तो चेंडू धरणाऱ्यांना विचारतो, मागितला असता तर दिला असतास? बहुतेक जण म्हणतात, दिला असता की, साधा चेंडू तर आहे.

हा खेळ मुलांना 'चांगलं वागा' असं सांगत नाही. त्यांच्या गल्लीत मार खाऊन गप्प बसणारा उद्या पुन्हा मार खातो, हे समुपदेशकाला माहीत असतं. क्षणभर थांबून परिस्थिती ओळखायची, एवढाच सराव असतो. शिक्षक ओरडला आणि लुटारू अंगावर आला, या दोन्हींना एकच उत्तर द्यायचं नसतं.

शिकागो विद्यापीठाच्या क्राइम लॅबने केलेल्या चाचण्यांत कार्यक्रमाच्या काळात हिंसक गुन्ह्यांसाठीच्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी घटल्या. पहिल्या चाचणीतल्या मुलांचं वेळेत हायस्कूल पूर्ण करण्याचं प्रमाण १२ ते १९ टक्क्यांनी वाढलं. अटकांवरचा परिणाम कार्यक्रम संपल्यावर ओसरला, हेही संशोधकांनीच सांगितलं आहे. माझ्या मते त्याचा अर्थ इतकाच की एका वर्षाच्या पैशात चार वर्षांचं काम होत नाही. २०१३ मध्ये बराक ओबामा शिकागोच्या हाइड पार्क अकॅडमीत या मुलांच्या वर्तुळात येऊन बसले आणि ज्याच्याशिवाय आपण वाढलो त्या स्वतःच्या बापाबद्दल बोलले. पुढच्या राष्ट्रीय योजनेची बीजं तिथे शोधता येतात.

उन्हाळ्यातल्या नोकरीने खरंच फरक पडतो?

पडतो, आणि सगळ्यांच्या अंदाजापेक्षा वेगळ्या जागी पडतो. शिकागोने २०१२ मध्ये सर्वाधिक हिंसाचार असलेल्या भागांतल्या १३ हायस्कुलांतल्या १,६३४ मुलामुलींमध्ये सोडत काढली. निवडलेल्यांना आठ आठवडे अर्धवेळ, किमान वेतनावर काम दिलं: बालवाड्यांत, बागांत, नगरसेवकांच्या कचेऱ्यांत. सारा हेलर यांच्या अभ्यासात पुढच्या १६ महिन्यांत हिंसक गुन्ह्यांसाठीच्या अटका ४३ टक्क्यांनी कमी दिसल्या. बरीचशी घट उन्हाळा संपल्यानंतरची होती, म्हणजे मुलं कामात गुंतली म्हणून घडलं असं म्हणता येत नाही. न्यूयॉर्कच्या उन्हाळी रोजगार योजनेच्या सोडतीवर झालेल्या अभ्यासातही तुरुंगात जाण्याचं आणि तरुणपणी मरण पावण्याचं प्रमाण घटलेलं आढळलं. पुढच्या आयुष्यातली कमाई मात्र वाढली नाही. पोरगं जिवंत राहिलं आणि तुरुंगात गेलं नाही, एवढ्यासाठी ही योजना करावी. पगारवाढीचं आश्वासन तिच्या नावावर देऊ नये.

ओकलंडने काय वेगळं केलं?

कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या शाळा विभागाने २०१० मध्ये फक्त कृष्णवर्णीय मुलग्यांच्या प्रगतीसाठी स्वतंत्र कार्यालय उघडलं. देशातलं असं ते पहिलं. ख्रिस्तोफर चॅटमन त्याचे प्रमुख झाले. शाळेच्या वेळापत्रकातच एक तास या मुलांचा, शिकवणारा कृष्णवर्णीय पुरुष, विषय आफ्रिकन-अमेरिकन इतिहास आणि स्वतःला सावरण्याची कला. थॉमस डी आणि एमिली पेनर यांच्या २०१९ च्या अभ्यासानुसार ज्या शाळांत हा तास होता तिथे कृष्णवर्णीय मुलग्यांची गळती ४३ टक्क्यांनी कमी झाली. मुलींचीही थोडी कमी झाली, त्या तासाला नसूनसुद्धा.

याच ओकलंडमध्ये १९६६ मध्ये ब्लॅक पँथर पार्टी जन्मली आणि तिने वस्तीतल्या मुलांना शाळेआधी फुकट न्याहारी द्यायला सुरुवात केली. तिच्याकडूनच नाव आणि प्रेरणा घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. ओकलंडचं हे कार्यालय कुणा अधिकाऱ्याच्या डोक्यातून अचानक निघालेलं नाही, त्यामागे तिथल्या लोकांची चार दशकांची मागणी आहे.

मुलींचं काय?

योजना फक्त मुलग्यांसाठीच का, ही टीका योग्य होती. २०१४ मध्ये ओबामांनी 'माय ब्रदर्स कीपर' ही अशा मुलग्यांसाठीची राष्ट्रीय योजना जाहीर केल्यावर हजाराहून जास्त कृष्णवर्णीय व इतर अल्पसंख्य स्त्रियांनी जाहीर पत्र लिहून मुलींना त्यात घेण्याची मागणी केली. कायद्याच्या अभ्यासक किंबर्ली क्रेनशॉ त्यात पुढे होत्या. त्यांच्याकडे आकडे होते. शिक्षण खात्याच्या २०११-१२ च्या नोंदींत २० टक्के कृष्णवर्णीय मुलग्यांना शाळेतून तात्पुरतं काढल्याचं दिसतं, पण कृष्णवर्णीय मुलींचं प्रमाणही १२ टक्के होतं, म्हणजे गोऱ्या मुलग्यांच्या ६ टक्क्यांच्या दुप्पट. मुलग्यांना लागणारी ठेच खरी आहे, म्हणून मुलींना थांबायला सांगावं असं होत नाही. शिकागोने पुढे मुलींसाठीचे गटही वाढवले, ओकलंडनेही मुलींसाठी काम सुरू केलं.

ओबामांच्या योजनेचं आणि शहरांचं नातं काय?

ट्रेव्हॉन मार्टिन या १७ वर्षांच्या निःशस्त्र मुलाला २०१२ मध्ये फ्लोरिडात गोळी घालून मारणाऱ्या माणसाची पुढच्या वर्षी निर्दोष सुटका झाली. त्या संतापातून फेब्रुवारी २०१४ मध्ये ही योजना आली. सप्टेंबरमध्ये शहरांना आवाहन झालं आणि कालांतराने जवळपास २५० शहरं, गावं, जिल्हे आणि आदिवासी समुदाय सामील झाले. केंद्राकडून यासाठी मोठा निधी मात्र आला नाही, बरीचशी रक्कम संस्था आणि कंपन्यांची होती. त्यामुळे काही शहरांत नुसती परिषद आणि अहवाल झाला. जिथे महापौरांनी आपल्याच अर्थसंकल्पात तरतूद केली, तिथे काम टिकलं. न्यूयॉर्कमध्ये ब्लूमबर्ग गेले, बिल डी ब्लासिओ आले, तरी योजना चालू राहिली. २०१५ मध्ये 'एनवायसी मेन टीच' हा नवा भाग आला: कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि आशियाई पुरुष शिक्षक १,००० ने वाढवायचे. शाळांत अशा समाजांतले मुलगे ४३ टक्के होते आणि शिक्षकांत असे पुरुष जेमतेम ८ टक्के.

हे कायद्यात बसतं का?

आता हा वाद पेटला आहे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॉलेज प्रवेशात वंश लक्षात घेणं बेकायदा ठरवलं. तो निकाल प्रवेशांपुरता असला तरी त्याच्या आधारे शाळांच्या आणि शहरांच्या योजनांविरुद्धही तक्रारी होऊ लागल्या, आणि २०२५ पासून केंद्र सरकारही अशा योजनांच्या विरोधात उतरलं. बऱ्याच शहरांनी त्याआधीच निकष वस्तीचा, शाळेचा किंवा प्रोबेशनचा ठेवला होता. ब्राउन्सविलमध्ये केंद्र उघडलं की तिथे कोण येणार हे अर्जात वंश न विचारताही ठरतं. पण ओकलंडसारखं उघडपणे नाव घेऊन काम करणाऱ्यांपुढे खरी अडचण आहे, आणि मला त्याचं वाईट वाटतं. नुकसान वंश बघून झालं, हे पेजर यांच्या आकड्यांत स्वच्छ दिसतं.

मी न्यूयॉर्कमध्ये राहतो. मला काय करता येईल?

मार्गदर्शक व्हायचं असेल तर किमान वर्षभर देता येईल का, हे आधी ठरवा. मार्गदर्शक काही आठवड्यांत सोडून गेला तर मुलाच्या आत्मविश्वासाला उलट धक्का बसतो, असं अभ्यासांत आढळलं आहे. पार्श्वभूमीची तपासणी होते, ती सगळ्यांचीच होते.

दुकान, दवाखाना किंवा कचेरी चालवत असाल तर तुमच्या हातात जास्त आहे. उन्हाळी रोजगार योजनेत १४ ते २४ वयाची मुलं घेतली जातात, त्यांचा पगार शहर देतं, तुम्ही फक्त काम आणि देखरेख द्यायची. नाव नोंदवण्याची माहिती ३११ या शहराच्या मदत क्रमांकावर मिळते. तुमच्याकडे चार किंवा जास्त माणसं कामाला असतील तर 'फेअर चान्स' कायदा तुम्हालाही लागू आहे: नोकरी देऊ केल्याशिवाय गुन्ह्याची नोंद विचारता येत नाही, आणि नंतर नकार द्यायचा असेल तर कारण लेखी द्यावं लागतं. मुलाखतीला कोणाकोणाला बोलावलं याची यादी वर्षाअखेरीस एकदा काढून नावं वाचून बघा.